गाठी मजबूत, तर जाळे मजबूत



आजच्या शुभवर्तमानात संत योहान आपल्याला तिबेरियाच्या समुद्राकाठी नेतो. रात्रभर राबूनही शिष्यांच्या हाती काही लागत नाही. मग प्रभूच्या शब्दाखातर ते जाळे टाकतात आणि एकशे त्रेपन्न मासे मिळतात. विशेष म्हणजे एवढ्या ओझ्यानेही जाळे फाटत नाही.

कोळीवाड्यातल्या माणसाला मात्र पुढचा प्रश्न पडतो. त्या सरोवरातले मासे रोज निवडत कोण होते, खारवत कोण होते, बाजारात विकत कोण होते? शुभवर्तमान त्याविषयी बोलत नाही. आपणही फारसे बोलत नाही.

पावसाळ्यानंतर मी होड्यांना आशीर्वाद द्यायला बंदरावर गेलो होतो. एकेका होडीचे आणि तिच्या मालकाचे नाव घेऊन पवित्र पाणी शिंपडले. परत निघताना एका वयस्क मावशींनी हटकले, "फादर, होडीवर पाणी मारलंत, माझ्या पाटीवर कोण मारणार?" मी हसलो, पण त्या हसत नव्हत्या. त्यांचे बरोबर होते. चूक माझी होती.

होडी किनाऱ्याला लागली की पुरुषाचे काम थांबते, बाईचे सुरू होते. पहाटेचा लिलाव, बर्फ, टेम्पोचे भाडे, बाजारातली जागा, उरलेल्या बोंबलांची वाळवण आणि शेवटी घरची चूल. हे सारे ती बहुधा एकटीने करते. लिलावात शेजारणीच्याच विरुद्ध बोली लावते आणि भाव दोघींनाही चढा पडतो. कर्जासाठी एकटीच सावकाराच्या दारी जाते. आजारी पडली, तर बाजारातली जागाही जाण्याची भीती.

एकत्र आल्यावर काय घडते, हे केरळने दाखवले आहे. तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावरील मासेविक्रेत्या बायकांना वास येतो म्हणून बसमध्ये घेत नसत. १९८०च्या सुमारास त्या संघटित झाल्या, रस्त्यावर उतरल्या आणि सरकारला त्यांच्यासाठी खास बस सुरू करावी लागली. त्या लढ्यात धर्मभगिनीही त्यांच्यासोबत होत्या.

आज कायद्याचाही आधार आहे. २०१४च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहराच्या विक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९पासून मच्छीमारांना, तसेच महिला गटांनाही खुली झाली. पण एकटी बाई समितीवर निवडून येणार कशी? गटच नसेल, तर गटाचे कर्ज मागणार कोण?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना 'व्यक्ती' म्हणजे काय यावर आम्ही पुष्कळ वाद घातले. जाळे शिवणारे हात ते एका वाक्यात सांगतात: सुटा धागा मासा धरत नाही, गाठ धरते. याकोब आणि योहान यांना प्रभूने हाक मारली, तेव्हा ते जाळीच नीट करत बसले होते.

म्हणून एक विनंती. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर मासे विकणाऱ्या, सुकवणाऱ्या, सोलणाऱ्या सर्व भगिनींनी चर्चच्या सभागृहात यावे. आपल्या हिंदू शेजारणींनाही आणावे. बाजारात पाटीला पाटी लागते, तिथे धर्म कोणी विचारत नाही. सुरुवात लहान असू द्या: चौघींनी मिळून बोली, एक टेम्पो आणि आजारी बहिणीची जागा राखण्याचा शब्द. पुरुषांनी त्या दिवशी घरचे जेवण सांभाळावे.

येताना पाट्या घेऊन या. मावशींच्या पाटीपासून सुरुवात करू. यंदा पवित्र पाणी पाट्यांवरही पडेल.

प्रभू आपल्या गाठी घट्ट करो. आमेन.

आपला,
धर्मगुरू