कोमेजणारे फूल आणि टिकणारे चित्र



वंदनेच्या वेळी आपण बुद्धमूर्तीसमोर फूल ठेवतो. पुष्पपूजेच्या गाथेचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे: हे फूल कोमेजते, तसा हा देहही नाश पावणार आहे. म्हणजे फूल ठेवायचे ते अनित्यता लक्षात राहावी म्हणून. मग फुलाचे छायाचित्र शेकडो वर्षे टिकावे यासाठी जुन्या पद्धतीने, हाताने प्रिंट करत बसणारा कलावंत काय करतो? अनित्याला नित्य करू पाहणे ही तृष्णाच नव्हे का?

उत्तर देण्याआधी या पद्धती पाहू. विल्यम विलिस यांनी १८७३ मध्ये इंग्लंडमध्ये प्लॅटिनम प्रिंटचे पेटंट घेतले. त्यात धातूचे सूक्ष्म कण कागदाच्या तंतूंत बसतात. प्लॅटिनम हवेने काळवंडत नाही. कागद टिकेल तोवर चित्र टिकते.

याच्या दुसऱ्या टोकाला अँथोटाइप. १८४२ मध्ये जॉन हर्शेल यांनी फुलांच्या रसावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पाकळ्या वाटून रस गाळायचा, सावलीत कागदाला लावायचा, वाळल्यावर त्यावर पान-फूल ठेवून वर काच दाबायची आणि कागद उन्हात ठेवायचा. उघड्या भागाचा रंग उडतो, झाकलेला राहतो. याला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. पण हे चित्र पक्के करता येत नाही. ज्या उजेडाने ते घडवले, तोच उजेड ते हळूहळू पुसतो.

म्हणून अँथोटाइप धम्माला धरून आणि प्लॅटिनम म्हणजे आसक्ती, असा निवाडा करावा का? मला तो घाईचा वाटतो. विरणाऱ्या चित्राचाही अहंकार धरता येतो. आणि टिकाऊ चित्र दुसऱ्यांसाठीही असू शकते. ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ पासून समुद्री शेवाळांचे निळे सायनोटाइप केले, ते अभ्यासकांना वनस्पतीचा नेमका आकार दिसावा म्हणून. १८५४ मध्ये फुलझाडांचा आणि नेच्यांचा संग्रहही झाला. फुले केव्हाच गेली, पाहणे उरले.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेब अनित्यतेचा बोध सांगतात: कशातही आसक्त होऊ नका. पण त्याच बाबासाहेबांनी ग्रंथ जपण्यासाठी दादरला राजगृह बांधले. ज्या समाजाच्या आठवणी कुणी जपल्या नाहीत, त्याला ‘जपणे म्हणजे मोह’ असे सांगणे अन्यायाचे आहे. १९५६ च्या दीक्षा सोहळ्याची छायाचित्रे कुणी जपली नसती तर आपल्या मुलांना आपण काय दाखवले असते?

म्हणून कसोटी टिकण्याची नव्हे, हेतूची. चित्र पाहून समोरच्या फुलाकडे अधिक जागेपणी पाहता आले, तर ते कुशल. मोजक्याच प्रती काढून, भाव चढवून ‘हे माझ्याकडेच आहे’ म्हणायचे असेल, तर ते उपादान.

आता आपल्या घरातले. परदेशातल्या हिवाळ्यात फुले महाग, म्हणून अनेक घरांत मूर्तीसमोर प्लास्टिकची फुले असतात. छायाचित्र निदान फूल असल्याचे सोंग आणत नाही. प्लास्टिकचे फूल आणते, आणि कोमेजतही नाही. मग ते गाथेचा अर्थ कसा शिकवणार? छायाचित्र भिंतीवर लावा. मूर्तीसमोर मात्र एखादे साधे हिरवे पान ठेवा, आणि ते सुकताना मुलांना पाहू द्या.

भवतु सब्ब मंगलं.