आधी डेटाशीट वाच

'सर, कोड मिळेल का?' असा फोन आला की मला आतून बरं वाटतं, हे आधीच कबूल करतो. वरवर मी वैतागतो. या पोरांना सगळं आयतं हवं, असं शेजारी बसलेल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलतो. पण फोन ठेवल्यावर मनात मागे राहतो तो वैताग नसतो. कोणीतरी आपल्याला विचारतंय, आपल्याकडे काहीतरी आहे, आणि ते द्यायचं की नाही हे आपल्या हातात आहे, याचं समाधान असतं ते. हलकं समाधान आहे. तरी दर वेळी घेतो.

काम तसं माझं छोटंच. संगमनेर, अकोले, राहाता या पट्ट्यातल्या दूध संकलन केंद्रांवर वजनकाटा, मिल्कोमीटर आणि कॉम्प्युटर यांची एकमेकांशी गाठ घालून द्यायची. शेतकरी किटली ओततो, काट्यावर आकडा येतो, नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) निघतं, सगळे आकडे तारेतून माझ्या प्रोग्रॅममध्ये शिरतात, 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला धरून बांधलेल्या दरपत्रकाशी त्यांचा मेळ बसतो आणि पावती बाहेर पडते. मागे रांग असते. पावती नीट वाचायला कोणाला सवड नसते, आणि सवड नसते हे सगळ्यांच्याच सोयीचं असतं. सगळ्यांच्या म्हणजे कोणाच्या, ते पुढे येईलच.

फोन करणारी मुलं बहुतेक डिप्लोमाची, बीसीएसची, नाहीतर लोणी-कोपरगाव-संगमनेरच्या इंजिनीअरिंग कॉलेजांतली. स्क्रीनवरचे प्रोग्रॅम त्यांना येतात, माझ्यापेक्षा चांगलेही येत असतील. अडतात ती तारेपाशी. प्रोग्रॅममध्ये चूक असली तर कॉम्प्युटर निदान ओळ तरी दाखवतो. तार चुकीची लागली तर कोणी काही दाखवत नाही, नुसती शांतता. याच्या बोलण्याची पिन त्याच्या ऐकण्याच्या पिनेला जोडायची असते, हे पुस्तकात असतं, पण दोघांचं ग्राउंड एक करायचं हे हमखास राहून जातं. काट्याचा आरएस-232 हा 1960 च्या सुमाराचा रिवाज. त्याचा व्होल्टेज शून्याच्या वर-खाली 3 ते 15 व्होल्ट असा फिरतो. ती तार सरळ आर्डुइनोच्या, म्हणजे ही मुलं वापरतात त्या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाच्या, पायाला लावली की बोर्ड कायमचा गप्प होऊ शकतो. मध्ये मॅक्स-232 ची चिप लागते. शिवाय आर्डुइनो उनोसारख्या बोर्डाचा पोर्ट कॉम्प्युटरनं उघडला की बोर्ड स्वतःहून रीसेट होतो आणि सुरुवातीचा डेटा हवेत जातो. मुलगा मात्र आपल्याच कोडमध्ये रात्रभर चूक शोधत बसतो.

हे सगळं मला पाठ आहे. आणि माझं ठरलेलं उत्तर असतं : 'आधी डेटाशीट वाच.'

हे वाक्य मी इतकं वापरलंय की ते आता उपदेशासारखं ऐकू येतं. पण ज्या काट्यांबद्दल ही मुलं विचारतात, त्यांतल्या बऱ्याच काट्यांना डेटाशीट, म्हणजे तांत्रिक तपशिलाचा कागद, नसते, हे मला माहीत असतं. खोक्यात एक घडी घातलेला कागद असतो. त्यावर तारीख कशी लावायची आणि बॅटरी किती तास चार्ज करायची, एवढंच. तारेतून आकडा कोणत्या वेगानं येतो, ओळ कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे माझ्या डायरीत आहे. म्हणजे मी त्याला जे वाचायला सांगतो ते अस्तित्वातच नाही. जे आहे ते माझ्या खणात आहे. याला उपदेश म्हणायचा की कुलूप?

मागच्या हंगामात एका मुलाचा फोन आला. डेअरीला दूध घालणाऱ्याचा मुलगा, डिप्लोमाला शिकणारा. त्याच्या मामाच्या धान्याच्या दुकानात संकलन केंद्रावर असतो तसाच काटा होता, त्यावर त्याचे प्रयोग चालले होते. लॅपटॉपवर आकड्याऐवजी चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं, काहीबाही येत होतं. त्यानं फोटो पाठवला. पाहताक्षणी मला कळलं. काटा बोलत होता सेकंदाला 2400 बिटांच्या वेगानं आणि त्याचा प्रोग्रॅम ऐकत होता 9600 नं. पॅरिटी, म्हणजे चूक ओळखायचा जादा बिट, तीही वेगळी. दोन ओळींत सांगता आलं असतं. मी सांगितलं, 'आधी डेटाशीट वाच.'

तो पठ्ठ्या हटला नाही. एकेक वेग बदलत गेला आणि ओळ त्यानं पकडलीच. मग दुसरा फोन. ओळीच्या सुरुवातीला कधी 'एसटी' येतं, कधी 'यूएस', याचा अर्थ काय? (एसटी म्हणजे आपली लाल गाडी नव्हे. काटा स्थिर झाला की एसटी, अजून हलत असला की यूएस. हलत्या काट्याचा आकडा घ्यायचा नसतो.) त्यावर मी विचारलं, 'अरे पण हे सगळं करतोयस कशाला?' तो म्हणाला, 'सर, वडील म्हणतात काट्यावर 7.48 दिसतं आणि पावतीवर 7.4 येतं. म्हणून काट्यावरचा आकडा थेट मोबाईलवर यावा असं काहीतरी बनवतोय.'

त्यांचं केंद्र कोणतं, ते मी विचारलं. त्यानं सांगितलं. तिथे प्रोग्रॅम माझा आहे.

त्या 7.48 मधला आठ कुठे जातो हे या पृथ्वीतलावर नेमकं कोणाला माहीत असेल तर मला. माझ्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ आहे. ती शेवटचा आकडा जवळच्या आकड्याकडे नेत नाही, सरळ कापते. 7.41 असो की 7.49, पावतीवर 7.4. केंद्रचालकानं तसं मागितलं होतं. 'चिलिंग सेंटरला जाईपर्यंत घट येते, ती मी कुठून भरू?' असं म्हणाला होता, आणि त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मी काही विचारलं नाही. एक फंक्शन काढून दुसरं घातलं, चहा घेतला, पैसे घेतले.

आता हिशेब मांडून पाहतो, तेव्हा मांडला नव्हता. एका केंद्रावर 200 जण दूध घालतात असं धरू. दोन वेळा, म्हणजे दिवसाला 400 मापं. प्रत्येक मापात सरासरी 45 मिली कापलं जातं. दिवसाला 18 लिटर. दहा दिवसांच्या बिलाला 180 लिटर. 30 रुपये दर धरला तर 5,400 रुपये. एकेका शेतकऱ्याला ते जाणवतही नाही, म्हणूनच ते चालतं. वैधमापन खात्याचं सील काट्याला असतं. अधिकारी प्रमाणित वजनं ठेवून काटा पाहतो आणि काटा बरोबरच असतो. आकडा तारेत शिरला की पुढचा कारभार माझा. तिथे सील नाही.

आणि गंमत बघा. 2024 च्या जुलैत अकोले तालुक्यात कोतूळला दूध उत्पादक धरण्यावर बसले होते, लिटरला 40 रुपये मिळावेत म्हणून. तेव्हा मी चहाच्या टपरीवर तावातावानं त्यांची बाजू घेत होतो. उत्पादन खर्च, पेंडीचे भाव, सगळं तोंडपाठ. ती ओळ तेव्हाही प्रोग्रॅममध्ये होती. आमच्या जिल्ह्यात काट्यावरचा संशय घराघरात आहे. 1950 साली प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा राहिला, त्यानंतर जिल्हाभर कारखाने झाले, तरी ऊस घालून आलेला माणूस अजून 'काटा मारला असेल' म्हणतोच. मीही म्हणतो. काटा मारणारा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे नेहमी दुसराच कोणीतरी येतो.

मग प्रश्न असा, की त्या मुलाला मी 'डेटाशीट वाच' म्हणालो ते कशामुळे? पहिल्या फोनला तर मला त्याचं केंद्र माहीत नव्हतं. तेव्हा निव्वळ घाई होती, आणि थोडी मिजास. दुसऱ्या फोननंतर मात्र मी फोन उचलायचे टाळले, ते घाईमुळे नव्हे. दोन्ही वेळा बाहेरून वागणं एकच. आतली कारणं इतकी वेगळी असताना वागणं इतकं सारखं कसं राहू शकतं, याची मला भीती वाटली. त्याआधी असे कितीतरी फोन टाळलेत. त्यांतली घाई कोणती आणि भीती कोणती, आता कसं वेगळं काढणार?

स्वतःची समजूत घालायला माझ्याकडे एक मोठं नावही होतं. डॉ. श्रीनाथ कलबाग. हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून त्यांनी 1983 साली पाबळला विज्ञान आश्रम काढला. पाबळ शिरूर तालुक्यात, म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या पारनेरच्या शेजारी. 2002 साली एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांच्या मदतीनं तिथे फॅब लॅब, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्रांची छोटी कार्यशाळा, आली, अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबांपैकी एक. काम करत शिकायचं, हे त्यांचं सूत्र. मी ते सूत्र फार सोयीनं वापरलं. मुलानं विचारलं की म्हणायचं, हातानं करून शीक, कलबाग सर तेच सांगायचे.

पण पाबळला काय चालायचं ते मी सोडून देत होतो. तिथली मुलं भूजल शोधण्यासाठी जमिनीचा विद्युतरोध मोजायला शिकायची आणि गावकऱ्यांच्या शेतात जाऊन ते काम पैसे घेऊन करून द्यायची. यंत्र हातात मिळायचं, ते कसं चालतं हे सांगणारं माणूस शेजारी असायचं, आणि चुकलं तर कोणाची तरी विहीर चुकेल ही जबाबदारीही असायची. मी त्यातलं फक्त 'तू कर' एवढं उचललं. यंत्र माझ्याकडे, माहिती माझ्याकडे, आणि करून शिकणं त्याच्याकडे! कलबागांनी हे ऐकलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे. बहुधा काहीच न म्हणता एखादं सोल्डरिंग आयर्न हातात दिलं असतं.

एक शंका खरी आहे, तीही लिहितो, नाहीतर मी उगाच स्वतःला झोडपतोय असं होईल. ओळीची रचना माहीत असली की खोटा आकडाही पाठवता येतो. तारेच्या मध्ये एक छोटा बोर्ड बसवला की काटा म्हणेल एक आणि कॉम्प्युटरला पोचेल दुसरंच. मग अशी माहिती वाट्टेल त्याला द्यावी का? बराच काळ मी हे कारण पुढे करत आलो. पण ज्याला खोटेपणा करायचा आहे त्याला बोर्ड कशाला हवा? त्यानं मला सांगितलं आणि मी एक ओळ बदलून दिली. माहिती कुलपात ठेवून मी कोणापासून कोणाला वाचवत होतो? ज्याच्यापासून ती लपली तो तर फक्त बापाच्या पावतीवरचा एक आकडा शोधत होता.

कोडची गोष्ट तर आता संपल्यातच जमा आहे. मोबाईलवर मागितला की मिनिटभरात मिळतो, नीटनेटका, टिपांसकट. पण तो कोड तुमच्या काट्याला हात लावत नाही. तार हलवून बघायला, मल्टीमीटर लावायला, 'थांब, काटा अजून हलतोय' म्हणायला माणूसच लागतो. नेमकं तेच देण्यात मी कंजुषी करतो. कोड मी याआधी कितीतरी जणांना दिलाय, तोही उदारपणाच्या आविर्भावात, कारण कोड दिला की माणूस फोनवरून जातो. आर्डुइनो 2005 साली इटलीतल्या इव्रिआ गावात निघाला तो डिझाइन शिकणाऱ्या, इलेक्ट्रॉनिक्स न येणाऱ्या मुलांसाठी. बोर्डाचे नकाशे त्यांनी सगळ्यांना खुले ठेवले. माझ्या डायरीतल्या ओळी तर माझ्याही नाहीत, त्या काट्याच्या आहेत. मी फक्त आधी ऐकल्या.

त्या मुलाला मी शेवटी फोन केला. मामाच्या दुकानात जाऊन बसलो, वेग आणि पॅरिटी सांगितली, अर्धवट आलेली ओळ पुरी होईपर्यंत कशी थांबवायची ते दाखवलं. तो इतका खूश झाला की मला अवघडल्यासारखं झालं. वडिलांच्या पावतीतला आठ कुठे जातो हे मी त्याला सांगितलं का? सांगितलं. आधी 'काही प्रोग्रॅममध्ये असं असतं' असं म्हणालो. मग त्यानं सरळ विचारलं, 'कोणाच्या?' तेव्हा नाव सांगावं लागलं. तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं त्यानं विचारलं की कापण्याऐवजी दोन्ही आकडे पावतीवर छापता येतील का, काट्याचा वेगळा आणि धरलेला वेगळा. येतील. अवघड काही नाही, घट धरायची असेल तर तीही उघड छापता येईल, मग भांडायचं असेल त्यानं भांडावं.

तसा बदल मी माझ्या कॉम्प्युटरवर करून ठेवलाय. केंद्रावर अजून टाकलेला नाही. चालकाला विचारायला हवं, असं स्वतःला सांगतो. त्याच्याकडून या वर्षाची देखभालीची रक्कम यायची आहे, हे खरं कारण आहे का? आहे. ती आल्यावर बोलेन का? त्या मुलानं परवा पुन्हा विचारलं. या वेळी त्याला वाचायला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.