आईला, आईने, आईची

वसतिगृहात असताना बाबांची जी पत्रं आली, ती सगळी टाइप करून एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवली आहेत. त्यांत कोणता शब्द किती वेळा आला, हे मोजायला पायथॉनच्या चार ओळी पुरतात. फाइल वाचायची, मोकळी जागा येईल तिथे शब्द सुटा करायचा आणि सगळे शब्द ‘काउंटर’च्या हवाली करायचे. उतरत्या क्रमाची यादी समोर येते.

वर असतात ‘आणि’, ‘आहे’, ‘पण’, ‘तर’. अमेरिकेतल्या जॉर्ज झिफ यांनी १९३५ च्या पुस्तकात हाच क्रम मांडला होता. मजकूर मोठा असेल, तर दुसऱ्या क्रमांकाचा शब्द पहिल्याच्या साधारण निम्म्या वेळा येतो, तिसरा एक तृतीयांश. मूठभर शब्द सगळा भार वाहतात. तळाशी एकेकदाच आलेल्यांची लांब रांग असते.

‘आई’ वर कुठेच नव्हती. एकही पत्र तिच्यावाचून नव्हतं.

शोधलं तेव्हा ती यादीभर विखुरलेली सापडली. आईला, आईने, आईची, आईकडे. स्वल्पविराम चिकटलेली आई आणखी निराळी. पायथॉनला मोकळी जागा कळते, विभक्ती कळत नाही. विरामचिन्हं काढतानाही जपावं लागतं. शब्द वेचण्याचा त्याचा नेहमीचा संकेत काना-वेलांटीला अक्षरात धरत नाही. ‘पाणी’चे ‘प’ आणि ‘ण’ असे दोन तुकडे हाती येतात.

प्रत्यय छाटले, की आई एकत्र येते आणि यादीत झरझर वर चढते. आकडा बरोबर येतो. तरी मला आधीची यादी जास्त बोलकी वाटते. ‘आईने’ असलेल्या ओळींत लाडू पाठवलेले आहेत, स्वेटर विणलेला आहे, फीचे पैसे बाजूला काढलेले आहेत. ‘आईला’ असलेल्या ओळी आखूड आहेत. आईला बरं नाही. आईला झोप लागत नाही. बाबा तेवढं लिहून लगेच पावसापाण्याकडे वळतात. छाटणीनंतर तिने केलेलं आणि तिला झालेलं एकाच रकान्यात जातं.

दोन्ही याद्या ठेवल्या आहेत. आता ‘आईला’ असलेली प्रत्येक ओळ पत्राच्या तारखेसह वेगळी काढायची आहे आणि क्रमाने वाचायची आहे.