न बोललेले कोण जाणतो?

शिवाजी पेठेत आमच्या शेजारघरी निपाणीकडच्या एक कानडी आजी औषधपाण्यासाठी आल्या होत्या. त्यांच्यासोबत आम्ही रुग्णालयात गेलो. सुई टोचायला आलेल्या बाईंना आजी हात जोडून म्हणू लागल्या, "बेड, बेड!" बाईंना वाटले, म्हातारीला खाट पाहिजे. त्या मायेने म्हणाल्या, "देते हं आजी, आधी सुई घ्या." कानडीत 'बेड' म्हणजे 'नको'! मागे तसल्याच सुईने अंगभर गांधी उठल्या होत्या, हे आजींना सांगायचे होते. नातू धावत आला म्हणून बरे. नाहीतर मायेच्या हातूनच घात व्हायचा.

तेव्हापासून प्रश्न घोळतो आहे. भाव शुद्ध असला म्हणजे सेवा पुरी झाली का?

कोणी म्हणेल, "देव भावाचा भुकेला, त्याला कुठं भाषा लागते?" खरे आहे. पण देव अंतर्यामी आहे, आपण नव्हे. न बोललेले ओळखावे ते पांडुरंगाने. माणसाला विचारावेच लागते. नुसत्या भावाच्या भरवशावर न विचारणे, हा सूक्ष्म अहंकारच.

ज्ञानोबामाउलींचा भाव का उणा होता? तरी शके १२१२ मध्ये त्यांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला. ऐकणाऱ्याने आधी संस्कृत शिकून यावे, असे म्हटले नाही. जाणता स्वतः खाली उतरला. आणि ज्या विठ्ठलाला आपले संत 'कानडा' म्हणतात, त्याचेच नाव पुरंदरदासांनी आपल्या कानडी पदांच्या मुद्रेत घातले. वाळवंटात कानडी वारकरी भेटला तर आपण त्याच्या पाया पडतो. मग दवाखान्याच्या बाकावर तो परका कसा?

मराठी माणसांतही बोली अडते. खेड्यातली बाई "जीव घाबरा होतोय" म्हणते, ते नुसते भ्यालेपण नव्हे. भीतीवर नेले तर छातीचे दुखणे राहून जायचे. शिवाय न कळताही रोगी भिडेपोटी मान डोलावतो. ती संमती नव्हे. "काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा बघू," असे विचारावे. आणि बाईपणाचे दुखणे आजीने नातवाच्या तोंडून कसे सांगावे? तिथे दुभाषी जाणती बाईच हवी.

सगळा भार डॉक्टरांवरच टाकू नये. वारकरीहो, ज्याला कानडी येते त्याने एकादशीला दोन घटका दवाखान्यात बसावे, एकाचे दुःख दुसऱ्याच्या कानी घालावे. ज्याला येत नाही त्याने तीन शब्द तरी शिकावे: 'बेकु' म्हणजे हवे, 'बेड' म्हणजे नको, 'नोवु' म्हणजे दुखणे. एवढ्यावर निदान थांबून विचारता तरी येईल.

रामकृष्ण हरि.