पात्र कोण ठरवणार?



आजचे वाचन भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायातले, श्लोक २० ते २२. दानाचे तीन प्रकार. परतफेडीची आशा न धरता, द्यायलाच हवे म्हणून, योग्य ठिकाणी, योग्य वेळी आणि पात्र माणसाला दिलेले ते सात्त्विक. काहीतरी परत मिळावे म्हणून किंवा कुरकुरत दिलेले ते राजस. आणि भलत्या वेळी, घेणाऱ्याचा मान न राखता दिलेले ते तामस. रक्कम किती, हा प्रश्न भगवंतांनी कुठेच घेतलेला नाही. माझ्यासारख्या आकड्यांवर जगणाऱ्या माणसाला हे आधी खटकते, मग पटते.

हे श्लोक आपण अन्नदान, देवळाची देणगी अशा संदर्भात ऐकत आलो. सध्या प्रवेशाचे दिवस आहेत, म्हणून मी ते विद्यार्थ्यांच्या मदतीला लावून पाहिले.

आधी 'काळ' घ्या. आपल्याकडे राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर खुल्या गटातल्या मुलाची निम्मी शिकवणी फी शासन भरते. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या पात्र मुलींची तर पूर्ण फी माफ झाली. योजना चांगलीच आहे, यात शंका नाही. पण महाडीबीटीवर अर्ज भरल्यापासून पैसे येईपर्यंत कधी कधी वर्षाची परीक्षा होऊन जाते. म्हणून काही कॉलेजे म्हणतात, आधी पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. फी ऑगस्टमध्ये, आणि उसाचे पहिले बिल हंगाम सुरू झाल्यावर! मधल्या चार-पाच महिन्यांसाठी घरातले सोने गहाण पडते. मदत उशिरा आली की तिचेच कर्ज होते, आणि व्याज भरतो तो ज्याला मदत करायची होती तोच.

दुसरा शब्द 'पात्र'. बँकेतही हाच शब्द आहे, पात्रता. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण वडील सहकर्जदार असतात, आणि वडिलांचे पीककर्ज थकले असेल तर पोराच्या गुणपत्रिकेकडे बघण्याआधी त्यांचा सिबिल उघडला जातो. गीतेतले पात्र म्हणजे ज्याला दिलेले सत्कारणी लागेल तो. बँकेतले पात्र म्हणजे ज्याच्याकडून वसूल होईल तो. बँक धर्मादाय संस्था नाही, ठेवी लोकांच्याच असतात, हे मला मान्य आहे. माझी तक्रार एवढीच, की या व्यवहाराला 'विद्यार्थ्यांना मदत' म्हणू नये. साधा हिशोब करा. दरवर्षी एक लाख याप्रमाणे चार वर्षे उचलले, दर दहा टक्के धरला, हप्ता शिक्षण संपून एक वर्षाने सुरू होणार. सरळ व्याजाने पहिल्या हप्त्याआधीच एक लाख चाळीस हजार चढलेले असतात. सवलतीचा काळ म्हणतात तो हा.

आपल्या कोल्हापुराने हे वेगळ्या पद्धतीने करून पाहिले होते. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाची बोर्डिंगे उभी राहू दिली, त्यांना जागा आणि पैसा दिला. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. खेड्यातल्या पोराची अडचण फीएवढीच राहण्याजेवण्याची असते, हे महाराजांनी ओळखले. पण तिथेही एक गोष्ट घडली. कुंभोजचे भाऊराव पाटील जैन बोर्डिंगमध्ये होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला ते गेले आणि आल्यावर शुद्धीची अंघोळ करायला त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना बाहेर काढले गेले. म्हणजे अन्न देणाऱ्याने वागणेही विकत घेतले असे धरले होते! पुढे १९१९ मध्ये त्याच भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था काढली, सगळ्या जातींची मुले एका पंगतीत बसवली, आणि वसतिगृहात धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. सोने तिथेही गेलेच. पण ते कोणाच्या गळ्यातून गेले, यात फार मोठा फरक आहे.

भाऊरावांनी मुलांना फुकटही ठेवले नाही. कमवा आणि शिका. मला हे पूर्वी निव्वळ काटकसर वाटायचे. गेल्या आठवड्यात भुदरगडहून मामांचा फोन आला तेव्हा त्यामागचे कारण कळले. मामेभावाला पुण्यात सीट लागली होती, फी भरायला तीन दिवस. मी म्हटले, "मामा, मी भरतो, परत द्यायचे नाहीत." मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "भाच्याला द्यायचं असतंय रे, भाच्याकडनं घ्यायचं नसतंय. कर्ज म्हणून दे, कागद कर." माझ्या मनात सात्त्विक दान होते, आणि त्यांना ते अपमानासारखे लागत होते. घेणाऱ्याचा मान गेला तर ते दान तामस, हे त्याच अध्यायात आहे. मग कर्ज जास्त सात्त्विक का?

यावर मला ऋषिऋणाची कल्पना जवळची वाटते. देवऋण, पितृऋण आणि ऋषिऋण घेऊनच माणूस जन्मतो असे आपली परंपरा मानते. यातले ज्ञानाचे ऋण ज्याच्याकडून घेतले त्यालाच फेडता येत नाही. शिकून आणि पुढे शिकवून ते फेडायचे. म्हणजे कर्ज आहे, मानही आहे, फक्त सावकार नाही. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली असे सांगतात. सगळ्यांना ते झेपणार नाही. बँकांना तर नाहीच.

मामांना मी हेच सुचवले. कागद करू, पण फेड मला नको, नोकरी लागल्यावर गावातल्या एका मुलाची फी भरायची. आता यात फळाची अपेक्षा आलीच, तेव्हा श्लोकाच्या कसोटीवर हे थोडे राजसच ठरते का? वाचकांपैकी कोणाचा अभ्यास असेल तर जरूर कळवा.

मामांनी अट मान्य केली. कागदावर सही मात्र पोराची घेतली, आणि व्याजाचा रकाना का नाही म्हणून मला दोनदा विचारले.

राम कृष्ण हरी.