आतड्याची साक्ष

2015 हे साल नाशिककरांना सिंहस्थाचे म्हणून आठवते. त्याच वर्षी मार्चमध्ये गाईपाठोपाठ बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर राज्यात बंदी आली, आणि त्याची झळ मालेगावच्या कसायांना बसली. ऑक्टोबरमध्ये, गोदाकाठच्या पर्वण्या आटोपून महिना उलटला असेल, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने आपला निष्कर्ष जाहीर केला : सॉसेज, बेकन यांसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाने मोठ्या आतड्याचा कर्करोग होतो, आणि लाल मांसाने तो बहुधा होत असावा. या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरीही ‘बघा, शास्त्रानेही मांसाहार पाप ठरवला’ असे म्हणणारे भेटतातच. ही साक्ष धर्माच्या कामाची नाही, असे मला वाटते.

मुळात ती साक्ष काय सांगते? रोज 50 ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाल्ल्यास धोका 18 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे शंभरांत पाच जणांना हा रोग होणार असेल, तर तिथे सहा जणांना होईल. संस्थेच्या वर्गवारीत तंबाखू आणि सॉसेज एकाच गटात आहेत ते पुराव्याच्या खात्रीमुळे; दोन्हींचा धोका सारखा आहे म्हणून नव्हे. शिवाय लाल मांसात गाय, डुक्कर, बोकड सगळेच आले. मांसाला लाल रंग देणाऱ्या द्रव्यातले लोह आतड्याच्या अस्तराला अपाय करते असे मानतात. ते लोह कोणाचा पशू पवित्र आणि कोणाचा निषिद्ध हे विचारत नाही. एकाच प्राण्यापुरता हा अहवाल पुढे करणे हा अप्रामाणिकपणा झाला.

कोणी म्हणेल, कारण काही का असेना, भीतीने का होईना, माणसाने मटण सोडले तर बोकडाचा जीव वाचतोच ना? इथेच खरी गोम आहे. तो निष्कर्ष कोंबडीला लागू नाही. मटण सोडणारा बहुधा चिकनकडे वळतो. एका बोकडाचे दहा-बारा किलो मटण निघते. तेवढ्या मांसासाठी आठ-दहा कोंबड्या लागतात. आतडे सुखी, हत्या मात्र वाढली! वैद्यक स्वतःच्या देहाची काळजी वाहते, अहिंसा दुसऱ्याच्या. चरकसंहितेने राजयक्ष्म्याच्या, म्हणजे क्षयाच्या, रोग्याला मांसरस सांगितला. म्हणून गजपंथाच्या तीर्थाला जाणाऱ्या जैन श्रावकाचे व्रत काही खोटे ठरले नाही.

शरीर हेही धर्माचेच साधन, तेव्हा आरोग्य राखणे हाही धर्मच, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो मान्य. पण त्यातून निघते ते मिताहाराचे पथ्य, मांसत्यागाचे व्रत नव्हे. सप्तशृंग गडावर दसऱ्याला बोकडबळी द्यावा की नाही, या वादात म्हणूनच कर्करोगाला बोलावण्यात अर्थ नाही. वर्षातून एकदा प्रसादाचे मटण खाणाऱ्याला त्या आकड्यांतून भिण्यासारखे फारसे काही निघत नाही. बोकडाचे काय, हे त्यांत कुठेच विचारलेले नाही.