मागितलं किती, मिळालं किती

एका पोराकडे रास्पबेरी पाय ४ होता. तळहातावर मावणारा संगणक, त्यावर लिनक्स. प्रोसेसरचा मूळ वेग १५०० मेगाहर्ट्झ. पोराला घाई फार. त्याने कॉन्फिग फाइलमध्ये वेग २००० लिहिला, ओव्हर-व्होल्टेज ६ केलं आणि यंत्र रीबूट केलं. थोडा वेळ बरं चाललं. मग लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, कंपाइल करायला लावला, तर पाय पहिल्यापेक्षाही रखडू लागला.

दोष लिनक्सवर आला. त्यातला वेग मागणारा भाग, म्हणजे गव्हर्नर, 'ऑनडिमांड' होता, काम येईल तसा वेग वाढवणारा. पोराने तो 'परफॉर्मन्स' केला, म्हणजे कायम वरचाच वेग मागणारा. ढिम्म फरक नाही. कर्नलच्या फाइलमध्ये चालू वेग बघितला, तर २००००००. किलोहर्ट्झमध्ये, म्हणजे पुरते २००० मेगाहर्ट्झ. कागदोपत्री सगळं चोख!

पडद्याच्या कोपऱ्यात अधूनमधून विजेचं पिवळं चिन्ह यायचं. डोळ्यांना खुपतं म्हणून त्याने ते एका ओळीत कधीच बंद करून टाकलं होतं.

आजोबा वीज मंडळातले निवृत्त वायरमन. संगणकातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. अडॅप्टर हातात घेऊन म्हणाले, "हा कुठला रे?"

"जुन्या मोबाइलचा. १ अँपिअरचा."

"आणि ह्याला लागतात किती?"

"३. पडद्यावर विजेचं चिन्हही यायचं, ते मी बंद केलं."

"मग? विहिरीवर पाच एचपीची मोटार बसवली म्हणून तारेत दाब वाढतो होय? तू मागितलंस किती ते सांगू नकोस, मिळतंय किती ते मोज. आणि जो ओरडून सांगत होता त्याचं तोंड आधी मोकळं कर."

चिन्ह चालू केल्याबरोबर उमटलं. यंत्राच्या आतल्या फर्मवेअरला प्रत्यक्ष वेग विचारला, तर १५०० च्याही खाली. 'गेट थ्रॉटल्ड' या आज्ञेने उत्तर दिलं ०एक्स५०००५: आत्ता व्होल्टेज कमी आहे, वेग रोखला आहे, आणि दोन्ही आधीही घडलंय. गव्हर्नर नुसती मागणी करतो. व्होल्टेज ४.६३ च्या आसपास घसरलं की फर्मवेअर परस्पर वेग उतरवतं.

५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर आला. चिन्ह गेलं, पण तापमान ८० अंशांवर पोचलं की वेग पुन्हा उतरायचा, म्हणून छोटा पंखाही बसवावा लागला. मग कुठे कंपाइल करताना मोजणीत २००० आले. पोराने गव्हर्नर परत ऑनडिमांडवर नेला आणि कर्नल पुन्हा कंपाइल केला. परफॉर्मन्सवर लागला होता तेवढाच वेळ लागला. परफॉर्मन्सची गरज मुळात नव्हतीच.